चेरीवर द्राक्षाची कैची

पिंपळगावच्या द्राक्षबागांत छाटणी करणाऱ्या टोळीतून मी वर आलो. पुढे स्वतःचा व्यापार उभा केला, नाशकात बंगला बांधला. पण हातातली कैची सुटली नाही. ९८ साली अंगणात लावायला बुटक्या आंबट चेरीचं रोप घेतलं. थंड मुलखातली चेरी इथे येत नाही, ही आपल्या हवेत येणारी, रेघारेघांच्या लाल फळांची, असं नर्सरीवाला सांगत होता. घासाघीस करून मी वर आणखी एक रोप फुकट पदरात पाडून घेतलं. निघताना तो छाटणीचं काहीतरी सांगू लागला. मी म्हणालो, "छाटणी मला शिकवतोस? अर्धा तालुका माझ्या हाताखालून गेलाय." त्यानं रोपं पिशवीत घालून दिली.

फुकटचं रोप सातपूरला बहिणीला दिलं. तिनं ते रंगाच्या रिकाम्या बादलीत लावलं. माझ्या झाडाला मी द्राक्षासारख्याच दोन छाटण्या दिल्या, एप्रिलची आणि ऑक्टोबरची, दरवर्षी, न चुकता. पानं भरघोस यायची. फूल एकही नाही. एक वर्ष सोडून बघा, असं बायको म्हणायची.

पाचव्या वर्षी डोकं फिरलं. नर्सरीत जाऊन गिऱ्हाइकांसमोर त्याला चोर म्हणालो, जंगली रोप गळ्यात मारलंस म्हणालो. आणखीही बोललो, ते लिहवत नाही. हातातली झारी खाली न ठेवता तो ऐकत राहिला. एक बाई निवडलेले गुलाब तसेच ठेवून निघून गेल्या.

महिन्याभरानं बहिणीकडे गेलो, तर तिनं बशीत लाल फळं ठेवली, मीठ लावून. "दादा, तू दिलेलं झाड. तीन वर्षं झाली लागतंय. तुझ्याकडे ढीग असेल म्हणून पाठवली नाहीत."

छाटतेस कधी, असं मी विचारलं. ती हसली. "मला कुठे येतं छाटायला?"

मी बशी बाजूला सारली आणि तिच्याकडे रिकामा डबा मागितला.

तिच्याकडची डबाभर फळं घेऊन नर्सरीत गेलो. बोलायचं ठरवून गेलो होतो, तोंडातून निघालं एवढंच, "फळं आली." त्यानं एक खाल्लं. "सारखी कैची लावू नका, एवढंच सांगत होतो त्या दिवशी," म्हणाला आणि पाणी घालायला वळला. चोर म्हणालो ते दहा जणांसमोर. तो एकटा असताना चुकलो म्हणायला मात्र जीभ वळली नाही.

रोप देतानाच त्यानं आवाज चढवून मला अडवायला हवं होतं, असं मी अजून घरात कुरकुरतो. बायको म्हणते, "तुम्हाला आजवर कोण अडवू शकलंय?"