कंपाउंडरकाकांचा पातळ डोस

कंपाउंडरकाका घरी बसले ते दवाखाना बंद पडला म्हणून, हात थकले म्हणून नव्हे. डॉक्टर म्हातारे झाले, लेकीकडे राहायला गेले आणि काकांचं काम एका दिवसात संपलं. जन्मभर त्यांनी गुलाबी आणि पिवळी मिश्रणं बाटल्यांत भरली होती आणि बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी डकवून डोस आखून दिले होते. गल्लीत त्यांच्याबद्दल तक्रार एकच, की हा माणूस औषध पातळ करतो. “काकांचं औषध चूळ भरायला बरं,” असं लोक म्हणायचे आणि आठवड्याभरात बरे होऊन हिंडायला लागायचे. काका रागवत नसत. “अति तिथे माती,” एवढंच म्हणत आणि पुढची बाटली धुवायला घेत.

तर रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसं काका गच्चीला लागले. आधी त्यांनी गल्लीभरचा पालापाचोळा वर नेला. मग भाजीची देठं, सालं, अंड्यांची टरफलं. जिन्यात चालायला जागा उरली नाही तेव्हा काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, त्यांना आणि पालापाचोळ्याला मिळून घराबाहेर काढायची धमकी दिली. पण त्या कचऱ्याची माती अशी झाली, की हातात घेतली तर भुसभुशीत, काळी, आणि वास जंगलातल्यासारखा. रसायनाचा एक कणही नाही. काका आल्यागेल्याला ती माती हुंगायला लावत. शेजारीपाजारी त्यांच्या जिन्यापाशी आले की पावलं उचलून पटपट पुढे जायला लागले.

मग निघाला खताचा चहा. जुन्या उशीच्या अभ्र्यात मुरलेलं खत बांधायचं, ते बादलीभर शिळ्या पाण्यात सोडायचं, वर चमचाभर काकवी घालायची आणि माशांच्या टाकीचा पंप लावून रात्रभर बुडबुडे काढायचे. सकाळी त्यातलं थोडं काढून, भरपूर पाणी घालून फिकट करायचं आणि रोपांना द्यायचं, तेसुद्धा आठवड्यातून एकदा, चमच्या-चमच्यानं. काकांचा चेहरा तेव्हा दवाखान्यातल्यासारखा गंभीर होई. काकू खालून ओरडत, “अहो, माणसांचा चहा गार होतोय इकडे!”

त्या वर्षी काकूंनी त्यांच्या हातात एक पुडी ठेवली. आत काकूंच्या आईच्या टोमॅटोचं बी होतं. आई हिवाळ्यात गेली होती, घर विकलं गेलं होतं आणि नव्या मालकानं परसात फरशी घातली होती. टोमॅटो तरी कसला? वेडावाकडा, अंगावर खाचा पडलेला, पिकला की फुटणारा. बाजारात टिकत नाही, म्हणून बाजारात मिळत नाही. काकू लहानपणापासून त्याच्याच चवीवर वाढल्या होत्या.

“हे शेवटचं आहे हो,” काकू म्हणाल्या. “हे गेलं की संपलं.”

काकांनी पुडी अशी घेतली, की जणू कुणी जिवंत चिमणी हातात दिली. ट्रेमध्ये बी पेरलं, ते उगवलं, दोन-दोन पानं उघडून रोपं उभी राहिली. काकांनी पहिला डोस दिला, नेहमीपेक्षाही पातळ.

काकूंनी तो डोस पाहिला. संसारभर त्यांनी गल्लीचं बोलणं ऐकलं होतं. हा माणूस पाणी पाजतो. इतरांना पाजलं तर पाजलं, पण आईच्या रोपांना? त्यांनी ठरवलं, की आपणच बघायला हवं. दुपारी काका घोरायला लागले की त्या पाय न वाजवता वर जात, बादलीतला घट्ट, काळा चहा डावानं काढत आणि रोपांना ओतत. “खा गं बायांनो,” म्हणत.

चार-सहा दिवसांनी पानांच्या कडा करपल्या. मातीवर पांढरी बुरशी आली. काकांना वाटलं, आपलाच डोस जड झाला. त्यांनी तो आणखी पातळ केला, पुढे तर अर्धाच दिला. इकडे काकूंना वाटलं, रोपं उपाशी मरताहेत, आणि त्यांनी दोन डाव वाढवले. दोघंही मायेनं करत होते आणि मधल्यामध्ये रोपांचा जीव जात होता.

एकेका रोपाची मान मातीपाशी बारीक व्हायची आणि ते आडवं पडायचं. काकांनी घाबरून ट्रे गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागे लपवला. काकूंनी तो पहिल्याच दुपारी शोधून काढला आणि तिथेच डाव रिकामा केला. जेवताना संभाषण असं चालायचं:

“रोपं कशी आहेत?”

“मजेत. ऊन लागतं म्हणून जरा आत सरकवलीत.”

“हो का? बरं केलंत.”

आणि दोघंही ताटाकडे बघत जेवायचे.

शेवटी एका दुपारी काकांना झोप लागली नाही. ते वर गेले तर टाकीमागे काकू उकिडव्या बसलेल्या, हातात डाव.

“अगं, काय करतेस हे?”

“तुम्ही झोपा ना जरा!” काकू दचकून उलट्याच चढल्या.

“पाणी न घालता ओततेस? रोज?”

“मग काय करू? जन्मभर लोकांना पाणी पाजलंत ते पाजलंत, निदान माझ्या आईला तरी...” काकू थांबल्या. आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच कळलं आणि त्या तिथेच, डाव हातात धरून, रडायला लागल्या. आई गेली तेव्हा पाहुणे, कागदपत्रं, सामानाची आवराआवर यांत त्या धड रडल्याही नव्हत्या.

काका खाली बसले. त्यांना राग आला नाही. उलट, इतके दिवस छातीवर बसलेलं ओझं उतरल्यासारखं झालं. “मला वाटलं, मीच मारतोय,” ते म्हणाले. “तुला तोंड कसं दाखवू म्हणून लपवत होतो.”

काकूंनी पदरानं नाक पुसलं. “आता काय द्यायचं?”

“काही नाही.”

“काही नाही म्हणजे?”

“म्हणजे काहीच नाही. माती सुकू दे. या मातीतच पोटभर आहे, चहा नुसता चाखायला होता. तान्ह्या बाळाला कुणी दोन घरचं जेवण भरवतं का?”

बोलायला सोपं होतं. पण ज्यानं जन्मात एकाही पेशंटला बाटलीशिवाय घरी पाठवलं नाही, त्यानं हात बांधून बसायचं म्हणजे शिक्षाच. काका उठले की काकू विचारत, “कुठे निघालात?” काकू उठल्या की काका जिन्यात आडवे येत. दोघंही एकमेकांवर पहारा देत गच्चीवर बसून राहू लागले आणि इतक्या वर्षांत झाल्या नसतील तेवढ्या गप्पा झाल्या. बरीच रोपं गेली. मोजकीच उरली, पण त्यांनी नवी पानं काढली, हिरवीगार.

काका त्यांच्यासाठी सर्वांत उत्तम कुंड्या निवडत होते, तर काकूंनी ट्रेच उचलला. एक रोप घरी ठेवलं. बाकीची समोरच्या टेलरकडे, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे आणि खालच्या मास्तरणीकडे दिली, जिच्याकडे निवडुंगसुद्धा जगत नव्हता.

“अगं, तिच्याकडे?” काका कळवळले.

“असू दे. एकाच घरात ठेवली म्हणून तर ही वेळ आली,” काकू म्हणाल्या. “दोन माणसं काय गोंधळ घालतात, बघितला ना?”

पहिला टोमॅटो पिकला तो टेलरच्या खिडकीत. टेलर तो कापडाच्या तुकड्यात गुंडाळून घेऊन आले. तसाच वेडावाकडा आणि देठापाशी फुटलेला. काका बी काढायला वाटी आणायला आत धावले आणि परत येतात तो काकू दारात उभ्या, हात रिकामा आणि रस कोपरापर्यंत ओघळलेला.

“आणि बी?”

“खाल्लं.”

“सगळं?”

“सगळं.” काकूंचे डोळे भरले होते आणि त्या हसत होत्या. “आईनं पहिला पिकलेला मला कधी खाऊ दिला नाही हो. बियाण्याला ठेव, म्हणायची. मला नेहमी किडका.”

काकांनी वाटी खाली ठेवली. टेलरनी हातातला कापडाचा तुकडा झटकला. ते म्हणाले, “झाडाला अजून आहेत, काकू.”

“मग उभे काय राहिलात?” काकू म्हणाल्या. “आणा की!”