मिलॉयकाच्या सायकलची टकटक

आमच्या ताईला, मिलॉयकाला, कसलाही आवाज कुठून येतो हे कळल्याशिवाय चैन पडत नाही. ती शाळेत स्वयंपाक करते. मागे झाकण वाजलं तर कोणत्या पातेल्याचं, हे ती न वळता सांगते. सुट्टीच्या दिवशी ही बाई माउंटन बाइक घेऊन गावाजवळच्या कोचेव्येच्या जंगलात जाते आणि पाखरं ऐकते. बघत नाही, ऐकते! मला विचाराल तर हे वेडच आहे.

मार्चमध्ये ती धापा टाकत घरी आली. डोंगरामागच्या, बीच नावाच्या झाडांच्या जुन्या राईत तिनं पांढऱ्या पाठीच्या सुतार पक्ष्याची टकटक ऐकली होती. हा पक्षी दुर्मीळ. तो राहतो ती झाडं आमच्याकडे तोडत नाहीत, आणि तीच राई आता तोडायची होती. वनरक्षक सिरिल शाळेत ताईच्या वर्गातला. हे ऐकून तो हसत सुटला.

"अगं, टकटक तुझी सायकल करते! उतारावरून तू येतेयस हे अख्ख्या गावाला कळतं."

"मला सायकल आणि पाखरू यांतला फरक कळत नाही होय रे, शहाण्या?"

"मग सायकल गप्प कर. शुक्रवारी झाडांवर खुणा करायच्यात, तेव्हा येतो ऐकायला."

ताईचा चेहरा उतरला. सायकल गप्प झाली आणि राईही गप्प निघाली तर?

तरी तिनं सायकल अंगणात उलटी केलीच. गिअर बदलताना चेन सरकवणारा मागचा डिरेलर खडकाळ वाटेवर उसळून फ्रेमवर आपटत होता. तिनं फ्रेमच्या त्या नळीला जुनी ट्यूब गुंडाळली. टकटकीची थपथप झाली.

"चांगलं झालं की," मी म्हणाले.

"हे ओरडणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवणं झालं. तो ओरडतो का, ते नको बघायला?"

तिनं डिरेलर बोटानं पुढे ढकलला. तो झोपाळ्यासारखा हलला. शेजाऱ्यांच्या सायकलचा मात्र हलता हलेना. दोन्ही सायकली शेजारी ठेवून ती वाकून बघत बसली. शेवटी डिरेलरच्या अंगावर एक छोटी कळ सापडली. चाक काढताना ती खाली करतात, म्हणजे डिरेलर सैल पडतो. नंतर वर करायची राहून गेली होती. ताईनं कळ वर केली. टकटक बंद!

शुक्रवारी सकाळी आम्ही तिघं निघालो. ताईची सायकल दगडांवरून अगदी मुकाट उतरली. राईत आम्ही कान देऊन उभे राहिलो. सिरिलनं आणलेली पोतित्सा, अक्रोड भरलेली गोड गुंडाळी, खाऊन संपली, तरी काहीच ऐकू आलं नाही. मला ताईकडे बघवेना.

"जाऊ दे गं. कान फसतात कधी कधी," सिरिल हळूच म्हणाला. खुणा करायला त्यानं फवारायच्या रंगाचा डबा काढला आणि हलवला. रंग ढवळणारी आतली गोळी टकटकटक वाजली.

वरच्या वाळक्या फांदीवरून लगेच उत्तर आलं. सुरुवातीला सावकाश, मग चिडल्यासारखी भराभर टकटक, पांढऱ्या पाठीच्या सुताराचीच. सिरिलनं पुन्हा डबा हलवला. पुन्हा उत्तर.

"म्हणजे इतके दिवस हा दुसरा सुतार समजून तुझ्या सायकलशी भांडत होता?" सिरिल पुटपुटला.

ताई हसत होती आणि डोळेही पुसत होती. मलाही रडू आवरेना. सिरिलनं डबा तसाच पिशवीत टाकला.

"चला, इथं माझं काही काम नाही."