घशाखालचे दोन आणे

सत्तावीस-अठ्ठावीस सालच्या सुमारास सोलापुरात विलायती दारूची पारख करणारे पुष्कळ होते. बाटलीवरचं चित्र बघून पारख करणारे वकील होते, किंमत ऐकून पारख करणारे नव्या पेठेतले कापडवाले होते, आणि फुकट आहे एवढं कळल्यावर पारख करायच्या भानगडीत न पडणारे तर जागोजाग होते. पण चिठ्ठी सोललेली बाटली पुढं ठेवली तर ती कसल्या मुलखातली, पिंपात थोडी निजली की पुष्कळ निजली, आणि सोळा आण्यांत किती आण्यांची, हे सांगणारा माणूस अख्ख्या शहरात एकच होता. तो मंगळवेढ्याकडचा धनगर होता, त्याचं नाव तात्याबा लवटे, आणि त्यानं दारू सोडून अठरा वर्षं झाली होती.

सोडली म्हणजे सोडवली गेली. तात्याबा बावीस वर्षांचा असताना करकंबच्या बाजारात पोटभर प्याला आणि त्या भरात आपला शिंगाळ्या एडका एका अनोळखी माणसाला देऊन त्याच्याकडून छत्री घेऊन आला. त्या साली पाऊस म्हणून पडला नव्हता. छत्री उघडून, मोठ्या थाटात तो माळावरून घरी येताना सगळ्या वाडीनं पाहिला. त्याच्या बायकोनं, मायाक्कानं, ती छत्री तीन दिवस दारात टांगून ठेवली. चौथ्या दिवशी तिनं त्याला बिरोबाच्या देवळात नेलं, तळहातावर भंडारा ठेवला आणि शब्दन् शब्द स्वतः सांगून त्याच्याकडून वदवून घेतलं, "ह्या घशाखाली दारूचा थेंब उतरणार न्हाय."

पुढं दुष्काळानं कळप आटला आणि दोघं चार शेळ्या घेऊन सोलापुरात आली. तिथं सात रस्त्याजवळच्या एका बंगल्यात डंकन नावाचा स्कॉच साहेब राहत असे. एका गिरणीत तो वीव्हिंग मास्तर, म्हणजे विणाई खात्याचा मुख्य, होता. उंची सहा फूट, चेहरा नुकतीच कुणीतरी थोबाडीत दिल्यासारखा लाल, आणि पोट इतकं नाजूक की गाईचं दूध चालत नसे. तात्याबा शेळीचं दूध घालू लागला आणि वर्षभरात शेळ्यांसकट बंगल्यावरच नोकरीला लागला; बिऱ्हाड तेवढं वेगळं राहिलं. साहेबही मेंढरांच्या मुलखातला. दोघं हिरवळीच्या कडेला बसून मेंढरांच्या खुरांच्या रोगावर तासन् तास बोलत. साहेबानं मराठी तात्याबाकडूनच उचलली, त्यामुळे कलेक्टरांच्या चहापार्टीत शिरस्तेदारांना तो "कसं काय, बरं हाय का न्हाय?" असं विचारायचा आणि शिरस्तेदार आधी मागं वळून बघायचे.

तात्याबाचं नाक हे जन्मजात नाक होतं. दूध हुंगून तो शेळीनं सकाळी बाभळीच्या शेंगा खाल्ल्या की बोरीचा पाला, हे सांगे. एका संध्याकाळी साहेबानं गमतीनं आपला पेला त्याच्या नाकाखाली धरला. तात्याबानं डोळे मिटले.

"वलं घोंगडं," तो म्हणाला. "शेकोटीपाशी वाळत टाकलंय. आन् घोंगड्याच्या धन्याच्या पायाला जखम हाय, तिला दवाखान्यातलं लाल औषध लावलंय."

साहेब खुर्चीतून उठला, आत जाऊन दुसरी बाटली घेऊन आला, मग तिसरी. त्या रात्री त्यानं आपल्या गावी म्हाताऱ्या बापाला पत्र लिहिलं की तीस वर्षं आपल्या दारूबद्दल जे मला सांगता आलं नाही, ते हिंदुस्थानातल्या एका धनगरानं एका हुंगण्यात सांगितलं.

तिथून दर शनिवारी दुपारी पारख सुरू झाली. नुसत्या वासावर पुरा निकाल लागत नाही, जिभेची साक्ष लागतेच. तात्याबानं दोन दिवस विचार केला. शपथ घशाखालची होती, जीभ घशाच्या वर आहे. तो एक घोट तोंडात घेई, या गालातून त्या गालात फिरवी, आणि पानं खाऊन कमावलेल्या नेमानं क्रोटनच्या कुंडीत थुंकून टाकी. मग पाण्यानं चार चुळा. मायाक्काला त्यानं हे पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, कारण तिचंही नाक काही वाईट नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "थुकायचं इसरलासा, तर घरला येऊ नका."

मामला समजायला त्याला वेळ लागला नाही. बाजारात सगळीकडे मिळणारी दारू पाच-पंधरा भट्ट्यांची मिसळलेली असते, तर साहेबाच्या खोक्यात मुंबईहून येऊन सोलापूरच्या स्टेशनावर उतरणाऱ्या बाटल्या एकाच भट्टीच्या, नुसत्या सातूच्या असत. साहेब हे समजावून सांगायला लागला तेव्हा तात्याबानं त्याला मध्येच थांबवलं. "कळलं की. ते धा कळपांचं दूध एका चरवीत. हे एका कळपाचं. आमच्यातबी धा कळपांचं दूध पावन्याला देत न्हाईत, शेठला इकत्यात."

साहेबाच्या वहीत निकाल इंग्रजीत उतरत. 'काकवी उतू जाऊन चुलीवर पडली आहे : तेरा आणे.' 'इंजिनानं होटगीला कोळसा घेतला आणि वाफ सोडली : नऊ आणे.' 'सातू चांगला, पण पिंप शेजाऱ्याकडून मागून आणलेलं : साडेसात.' एकदा बँकेच्या मॅनेजरनं फार महागाची बाटली मोठ्या ऐटीत आणली. तात्याबानं तोंडात घेतली, थुंकली, पुन्हा घेतली, पुन्हा थुंकली आणि म्हणाला, "पाच. त्येबी बाटलीकडं बघून." मॅनेजर पुन्हा शनिवारी आला नाही.

मात्र अकरा वर्षांत चौदा आण्यांच्या वर एकही बाटली गेली नव्हती. साहेबानं एकदा कारण विचारलं.

"दोन आनं घशाखाली ऱ्हात्यात सायेब," तात्याबा म्हणाला. "उतरताना काय करती, उतरल्यावर काय करती, मागनं काय सांगती, त्येचं हे दोन आनं. तितं मी गेलोच न्हाय, तर देऊ कसं?"

अठ्ठावीसच्या उन्हाळ्यात डंकन साहेबाची नोकरी संपली. गुरुवारच्या गाडीनं मुंबई, शनिवारी बोट. रविवारी, सामानाची बांधाबांध चालू असताना, टपालानं एक लहान पेटी आली. आत लाकडाच्या भुशात एकच बाटली होती, चिठ्ठी नसलेली. साहेबाचा बाप गावच्या भट्टीत पिंपं बांधणारा सुतार होता. हातातून हत्यार सुटायच्या आधी त्यानं जे शेवटचं पिंप बांधलं, त्यातली ही दारू. सोबत चार ओळींचं पत्र होतं. म्हातारा चौऱ्याऐंशीचा झाला होता आणि अकरा वर्षं मुलाच्या पत्रांतून धनगराचे निकाल वाचत आला होता. 'तुझ्या मेंढपाळाला दे,' त्यानं लिहिलं होतं, 'आणि या वेळी पुरा निकाल घेऊन ये. दोन आणे राखून ठेवलेला नको.'

तात्याबानं घोट तोंडात घेतला. एरवी तो डोळे मिटायचा, या वेळी त्यानं ते उघडेच ठेवले. बराच वेळ दोन्ही गाल फुगलेले राहिले. मग तो कुंडीकडे गेला, वाकला, सरळ झाला, पुन्हा वाकला, आणि मुलाला परगावी धाडावं तसं जड मनानं थुंकला.

"चौदा," तो म्हणाला. "चौदाच्या चौदा."

"आणि खाली?"

"खालचं मला कसं ठावं, सायेब?"

"अंदाजानं सांग की."

तात्याबाला राग आला. अकरा वर्षांत पहिल्यांदा आला. "म्हाताऱ्यानं पिंप अंदाजानं बांदलं व्हय?"

तिथून त्याच्या जिवाला जी तगमग लागली ती लागलीच. खोटे सोळा द्यावे तर नाकाला बट्टा, चौदावर सोडावं तर तिकडे चौऱ्याऐंशीचा म्हातारा दोन आण्यांची वाट बघत बसणार, आणि गिळावं तर बिरोबा. सोमवारी त्यानं एकच शेळी दोनदा पिळली आणि दुसरीनं दिवसभर बोंब मारली. जेवायला बसे, भाकरी मोडे, उठे. बंगला ते घर ही चाल त्यानं एका दिवसात सहा वेळा केली, कधी टोपी घालून, कधी हातात धरून. गिरणीचा भोंगा झाला की दचकून विचारी, "आज वार कंचा?" मंगळवारी तो पहाटेच उठून शहरातल्या बिरोबाच्या देवळात सिदू पुजाऱ्याकडे गेला.

सिदूनं सगळं ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला, "बाटलीत उरलीया किती?"

"मस्करी नगं. शपत सैल व्हती का सांग."

"देवाला काय पडलंय रं? देवळात बसून देवानं नुसतं ऐकलं. शपत घातली कुनी?"

"मायाक्कानं."

"मग सोडवायची बी तिनंच. देवाची गाठ आसती तर मी एक नारळ घिऊन सोडली आसती. बायकूची गाठ हाय, मला हात लावायचं धाडस न्हाय."

तात्याबा घरी आला. मायाक्का दारात शेण सारवत होती.

"अगं, एकच घोट. म्हाताऱ्या मानसासाठी."

"न्हाय."

"सगळं ऐकून तर घे."

"एडका गेला तवाबी तुमी म्हनला हुता, आदी ऐकून तर घे."

बुधवारी संध्याकाळी तो मनाशी 'चौदा, चौदा' म्हणत अंगणात येरझारा घालायला लागला, तेव्हा मायाक्काचीच झोप उडायची लक्षणं दिसू लागली.

गुरुवारी दुपारी निरोप द्यायला दोघंही बंगल्यावर गेली. खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. व्हरांड्यात एक स्टूल, त्यावर बाटली, भरलेला पेला आणि वही, आणि शेजारी साहेब, सुटाबुटात, घामानं निथळत उभा. मायाक्कानं त्याच्यासाठी शेंगाची चटणी आणि कडक भाकरी बांधून आणली होती. ती हातात देऊन ती म्हणाली, "वाटंत खावा. बोटीवरचं काय खाऊ नका."

"मायाक्का," साहेब म्हणाला, "शपत सोड की. एक घोट. माझा बा लई म्हातारा हाय."

"जेवतो का?"

"व्हय."

"दात?"

"दोन हायत."

"एकटाच ऱ्हातो?"

"आई गेली. एकटाच."

मायाक्कानं बाटली उजेडाला धरून पाहिली आणि परत ठेवली. तात्याबा खांबाला धरून उभा होता.

"शपत काय सुटायची न्हाय," ती म्हणाली. तात्याबानं खांबावर कपाळ टेकलं. "पर शपत ह्यांची हाय. माजी कुटं हाय?"

आणि कुणी काही बोलायच्या आत तिनं स्टुलावरचा पेला उचलला, साहेबाकडे पाठ केली, पदर तोंडावर ओढला आणि सगळा पेला एका दमात रिकामा केला. काकणं वाजली तेवढाच आवाज. मग ती तशीच, पाठमोरी, उभी राहिली. एक मिनिट झालं. तात्याबा म्हणाला, "अगं?" तिनं हातानं गप्प बसवलं. अजून एक मिनिट गेलं. रस्त्यावर टांगेवाला घंटी बडवून साहेबाच्या गाडीची आठवण करून देत होता, पण साहेब हलला नाही.

ती वळली. डोळे ओले, चेहरा शांत.

"दीड आना," ती म्हणाली.

"दीड?" साहेब म्हणाला. "दोन दे की गं! माझ्या बाचं पिंप हाय!"

"म्हनून तर दीड दिला. परक्याचं आसतं तर सव्वा दिला आसता."

"मग अर्धा कशापायी कापलास?"

"थोरल्याच्या बाळतपनात माज्या आईनं मला मोहाची दिली हुती, गूळ घालून. ती उतरली तशी ही उतरली न्हाय. जवळ आली. पर तिची सर न्हाय."

साहेब म्हणजे गिरणीत हजार मागांशी आणि त्यांच्या जॉबर मुकादमांशी भांडून कधी न हरलेला माणूस, पण या निकालावर अपील नाही हे त्याला कळलं. बापाच्या पिंपासमोर तिनं आपली आई उभी केली होती. त्यानं वही उघडली आणि उभ्यानंच लिहिलं. वरचे चौदा, तात्याबा. खालचा दीड, मायाक्का. एकूण साडेपंधरा. खाली कापलेल्या अर्ध्या आण्याचं कारण त्यानं सविस्तर लिहिलं, कारण म्हातारा ते नक्की विचारणार होता. मग तात्याबाचे दोन्ही खांदे घट्ट धरून त्यानं ते एकदा हलवले, टांग्यात बसला आणि गेला.

साडेपंधरा! अकरा वर्षांतला सगळ्यात मोठा आकडा, आणि नाकाला बट्टा नाही, देवाला धक्का नाही. आता तरी तात्याबाला निवांत झोप लागायला हवी होती. पण घराच्या वाटेवर तो बायकोच्या शेजारून चालू शकेना. कधी चार पावलं पुढं, कधी मागं.

"अगं, उतरताना जळली का?"

"न्हाय."

"मग? ऊन ऊन लागली?"

"लागली तशी लागली."

"छातीत थांबली का सरळ पोटात?"

मायाक्का चालत होती. तिची चाल एरवीपेक्षा किंचित मोकळी होती.

"आन् मागनं? मागनं काय आलं? धूर? गूळ? काय तर सांग की! आकरा वरसं मी हुंबऱ्यात उभा हाय, आन् तू एका दमात आत जाऊन आलीस!"

"लई बरी हुती," मायाक्का म्हणाली.

त्यापुढं तिनं कधी काही सांगितलं नाही. पुढं कित्येक वर्षं, शेळ्या पिळताना, जेवताना, कधी भर बाजारात भाव करताना मध्येच थांबून तात्याबा तिला विचारायचा, "बरी म्हंजी कशी गं?" आणि ती पदर सावरून पुढं चालू लागायची.