समुद्राकडे पाठ

पन्नाशीला टेकल्यावर मी पोहायला शिकले. इंग्लंडात आमच्या रेडिंग गावच्या तरणतलावावर, फक्त बायकांसाठी असलेल्या तासाला, नाकातोंडात पाणी घेत. मुलगी युनिव्हर्सिटीला गेली होती, घर शांत झालं होतं आणि मला स्वतःचं असं काहीतरी हवं होतं. पण क्लोरीनच्या पाण्याला काय चव! मला समुद्रात पोहायचं होतं. इंग्लंडच्या समुद्रात नुसता पाय घातला तरी दात वाजतात, म्हणून या उन्हाळ्यात इटलीच्या दक्षिणेला पॉझिटानोला जायचं ठरवलं.

तेवढ्यात पुण्याहून सासूसासरे आले आणि अर्थातच तेही आमच्याबरोबर निघाले. बॅगेत स्विमिंग कॉस्च्यूम टाकतानाच मी ओळखलं, हा आता कोरडाच परत येणार.

मला कोणी काही मनाई केली होती असं नाही. बाबा, म्हणजे माझे सासरे, अबोल आणि सज्जन माणूस. पण लग्नापासून आमच्यात एक संकोच आहे. मी खोलीत आले की ते पेपर जरा वर धरतात, ते आले की मी ओढणी शोधते. ऑफिसात माझी टीम मला टरकून असते आणि यांच्यापुढे मी कधी साधी स्लीव्हलेससुद्धा घातलेली नाही.

किनारा मात्र बघत राहावा असा. डोंगरावर एकाच्या डोक्यावर एक चढलेली गुलाबी-पिवळी घरं, खाली निळंशार पाणी आणि मध्ये काळपट वाळू. "अगं बाई, ही तर दात घासायची राखुंडी!" आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या आणि त्यांनी चिमूटभर वाळू बोटांत चोळून पाहिली. ऊन चढलं की ती अशी तापायची, की छत्रीपासून पाण्यापर्यंत सगळे नाचत जायचे.

रोज मी सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून घोटाभर पाण्यात उभी राहायचे आणि चिडून परत यायचे. नवऱ्याला स्वतःला पोहता येत नाही. जेलाटो आइस्क्रीम चाटत तो म्हणायचा, "अगं, जा ना. बाबा थोडेच काही म्हणणारेत?"

"म्हणणार नाहीत, हाच तर प्रॉब्लेम आहे," मी म्हणायचे.

शेवटच्या दिवशी मात्र मी कुर्त्याच्या आत कॉस्च्यूम घालूनच निघाले. नवरा फेरीबोटीची तिकिटं काढायला गेला होता. छत्रीखाली आम्ही तिघंच. मी कुर्त्याच्या गुंड्यांशी चाळा करत बसले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. समोर माझ्या वयाच्या, माझ्याहून जाड बायका खुशाल डुंबत होत्या. मला इतका हेवा वाटला की डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात बाबा उठले. त्यांनी खुर्ची दोन्ही हातांनी धरली आणि फिरवायला लागले. खुर्चीचे पाय वाळूत रुतत होते. मी मदतीला गेले तर म्हणाले, "राहू दे. मला जरा डोंगर बघायचाय." आणि समुद्राकडे पाठ करून बसले.

खुर्च्या भाड्याने देणारा माणूस धावत आला. पहिली रांग, सगळ्यात महाग जागा, आणि म्हातारा उलटा बसलेला! त्याला वाटलं, काहीतरी चुकलंय. तो खुर्ची वळवायला लागला तेव्हा बाबांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले. "नो, नो. माउंटन!"

आई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता बसून काय राहिलीस? जा की."

मी गेले. पाण्याने मला असं उचललं की मी एकटीच मोठ्याने हसले. पाण्यावर तरंगणाऱ्या पिवळ्या बोयापर्यंत पोहत गेले, तिथे पाठीवर पडून राहिले. मग बाबांची आठवण झाली. बिचारे भिंतीकडे तोंड केल्यासारखे बसलेत. मी लगबगीने बाहेर आले, टॉवेल गुंडाळला आणि ओल्या अंगावरच कुर्ता चढवला.

"बरं झालं आलीस," आई म्हणाल्या. "यांनी माझं डोकं खाल्लं. डोकं दिसतंय का तिचं, कुठे आहे, हात हलवतेय का. स्वतः वळून बघतील तर शपथ!"

 एवढी वर्षं ज्याला मी त्यांचा धाक समजत आले, तो धाक नव्हताच. "बाबा, खुर्ची फिरवून देऊ का?" मी विचारलं.

डोंगरावरची नजर न काढता ते म्हणाले, "तुझं पोहून झालं का पण? झालं नसेल तर राहू दे. इथून छान दिसतंय."

मी कुर्ता काढून आईंच्या मांडीवर ठेवला आणि परत पाण्याकडे पळाले. बाबांना कमी ऐकू येतं, त्यामुळे बोलतातही मोठ्याने. गुडघाभर पाण्यात पोचते न पोचते तोच मागून आवाज आला, "आता कुठवर गेली?"