बिळातले पेंग्विन आणि हूऱ्यातली खोली

बहारीनच्या हूरा वस्तीतल्या त्या वहिनींचे आभार आधी मानतो, मग पुढचं सांगतो. खोली त्यांनी दिली, नाहीतर आमचा संसार उघड्यावरच होता.

ऐंशीनंतरची गोष्ट. सातवीत शाळा सोडलेला मी बहारीनला एसी दुरुस्तीच्या कामावर होतो. एका खोलीत आम्ही पाच जण. गावी बायकोला पाचवा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण तिची आई वारलेली आणि भावजयीनं हात वर केलेले. व्हिसा मिळाला, तिकीट काढलं, खोली मात्र मिळेना. घरमालक माझे तेलकट कपडे बघायचे आणि म्हणायचे, "मफी," म्हणजे खोली नाही.

वहिनी पुण्याच्या, नवरा बँकेत. एकदा त्यांचा एसी उघडून बसलो होतो. टीव्हीवर पेंग्विन, पण बर्फ कुठेच नाही. रखरखीत किनाऱ्यावर पायांनी माती उडवत बीळ खणत होते. मी पाना हातात धरून बघतच राहिलो.

"हे गरम मुलखातले," वहिनी इंग्रजी ऐकून सांगू लागल्या. "उन्हापासून वाचायला बीळ. अंडीही त्यातच. एक बसतं, दुसरं समुद्रावर जातं, मग पाळी बदलते."

"आणि बीळ नाही मिळालं तर?"

"मग उघड्यावर. ऊन सोसेना म्हणून उठलं, की दुसरे पक्षी अंडी पळवतात."

हातातला स्क्रू दोनदा पडला.

"अहो, पेंग्विनसाठी एवढे काय घाबरता?" त्या हसल्या. मग मी सगळं सांगून टाकलं.

त्यांची एक लहान खोली गावी न्यायच्या सामानानं भरलेली. ब्लँकेटं, साबण, डिनरसेट, सुट्टीसाठी वर्षभर साठवलेली खोकी. तेव्हा घरोघरी असा साठा असे आणि त्याला कुणी हात लावू देत नसे. नवरा येईपर्यंत मी काम रेंगाळत ठेवलं.

"ही खोकी पलंगाखाली जातील ना?" वहिनींनी त्यांना विचारलं.

"तिथं तुझी मागच्या सुट्टीतली उरलेली आहेत."

"मग तुमच्या ऑफिसात टेबलाखाली ठेवा."

बायको त्याच खोलीत उतरली. मी कामावर गेलो की वहिनी तिच्याजवळ बसत, मी आलो की त्या उठत. मुलगी झाली, बाराव्या दिवशी पाळणाही त्यांनीच बांधला. तरी दारावर थाप पडली की मला वाटे, आता निघा म्हणणार.

कुणी म्हणालं नाही. वहिनी आता पुण्याला परतल्यात. त्यांच्या लेकीसुनेवर कधी अशी वेळ आली, तर माझ्या घरातली एक खोली त्याच दिवशी मोकळी करून देईन. शब्द देतो.