सुभेदारांची नवी वाट

कुंडलचे आमचे शेजारी निवृत्त सुभेदार. अर्धांगाच्या झटक्यात वाचा गेली आणि परतली ती थेट शिवी घेऊन.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात. रोजच्या वापरातली वाट पक्की होते."

सुभेदारांची कुठली वाट वापरात होती, ते अख्ख्या आळीला पाठ होतं. बायकोला मात्र जन्मभर नुसतं 'आगं'. नाव घेतलं असतं तर जणू चौकीच हातची गेली असती!

आता तेच नाव रोज घोकायचं, हा इलाज. पण हे शूरवीर घोकायचे माझ्यापुढे, काकू रानात गेल्यावर.

परवा काकू भाकरी थापत असताना बाहेरून स्वच्छ हाक आली, "शालन!"

काकू मान न वळवता मला म्हणाल्या, "बघ रं, कुणाला बोलावत्यात."