एका हाताच्या बांगड्या

मणेरीण मावशीसमोर बांगडी ‘फुटली’ म्हणायची सोय नव्हती. कुणाच्या तोंडून चुकून तो शब्द निघालाच, तर ती भरत असलेला हात तसाच धरून डोळे वटारायची. “फुटली काय म्हंतीस गं? वाढली म्हन! बाईच्या हातातलं काकण फुटत न्हाई, वाढतं.” तसं सगळ्याच बायका म्हणतात, पण मावशीचा थाट असा, की हा कायदा जणू तिनेच केला होता.

ती राहायची लोणावळ्याला, बाजारामागे. वलवणचं धरण बांधून फार वर्षं झाली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. पाठीवर बांगड्यांचं गाठोडं घेऊन ती वलवणपासून टाकव्यापर्यंत पायी हिंडायची. डोंगरातल्या आमच्या ठाकरवाडीत दुसरं कुणी विकणारं फिरकत नसे. मावशी यायची, आमच्या चुलीपाशी बसून नाचणीची भाकरी खायची आणि आईला बांगड्या भरून बदल्यात मध न्यायची. “हात धरला की मानूस खरं बोलतं,” असं ती म्हणे. खालच्या गावच्या पाटलीणबाईंचा हात आणि माझ्या आईचा हात, दोन्ही हात धरलेली ती एकटीच होती.

त्या गावाचं नाव मी सांगत नाही. गाव आता शहाणं झालं आहे, उगाच कशाला उकरा? तिथे शाळा होती, पण वाडीच्या पोरांनी बाहेर पडवीत बसायचं. पाऊस आला की पाटी धुऊन निघायची. दुपारी गावची पोरं घरी जेवायला जात, आम्ही उपाशी. एकेक करून सगळी पोरं गळाली आणि गुरांमागे लागली. मीही मोळ्या वाहू लागले. मला शिकायचं होतं, आणि ते होणार नाही हे मला कळून चुकलं होतं.

एकदा मला बांगड्या भरताना मावशीला मनगटावर लाकडांचे ओरखडे दिसले. “शाळा का सोडलीस?” तिने विचारलं. “आत बसू देत न्हाईत. आन् भूक लागती,” मी म्हणाले. मावशीने ओरखडे चुकवत बांगडी वर सरकवली. मग म्हणाली, “मी एकली काय करनार? पन माज्याकडं हात लय हायेत.”

त्या दिवसापासून बांगड्यांबरोबर तिने आमचा विषय घरोघर नेला. आमच्या वाडीतल्या बाप्यांना म्हणाली, “भाताची लावणी सावडीनं करता न्हवं? आज ह्याच्या खाचरात, उद्या त्याच्या. मग गुरं बी सावडीनं राखा की! पाळीपाळीनं एकेक घर राखंल, पोरं मोकळी हुतील.” गावातल्या बायकांना म्हणाली, एका घरानं एक भाकरी जास्त थापली तर काय पीठ सरतं? गुरुजी तयार होते, पण पाटलांच्या शब्दाबाहेर त्यांना जाता येईना. पाटील ‘न्हाई’ म्हणून बसले होते.

मग पाटलांच्या लेकीचं लग्न निघालं. आई आणि मी पत्रावळी घेऊन त्यांच्या अंगणात गेलो होतो. मावशीने पाटलीणबाईंचा डावा हात हिरव्यागार बांगड्यांनी भरला आणि गाठोडं बांधायला घेतलं.

“अगं, दुसरा हात?”

“भरते की वैनी. आदी वाडीची पोरं शाळंत आत बसनार का, ते सांगा.”

बांगड्या भरायला जमलेल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. पाटील ओसरीवरून कडाडले, “मणेरीण, उद्यापास्नं ह्या गावात पाऊल टाकायचं न्हाई!”

गाव बंद म्हणजे मावशीची चूल बंद. पण ती जागची हलली नाही. “न्हाई टाकत, पाटील. पन हळदीला वैनी एका हातानं जानार का?”

पाटलीणबाईंनी आपल्या मोकळ्या हाताकडे पाहिलं, मग अंगणाच्या कडेला उभ्या असलेल्या आमच्याकडे. “पोरं आत बसतील,” त्या म्हणाल्या. त्यांनी कुणाला विचारलं नाही. “आन् पैली भाकरी माज्या घरची. भर गं.”

मग काय! जी बाई हात पुढे करी, ती आधी म्हणे, “माजी बी एक भाकरी.” पाटलांनी पागोटं सारखं केलं आणि ते मांडव बघायला निघून गेले.

पुढे मावशीने मला हसत हसत सांगितलं, “वैनींना समदं आदीच ठावं हुतं. नवऱ्याम्होरं बोलाय निमित्त पायजे हुतं, ते म्या दिलं.”

लग्न उरकलं आणि आम्ही शाळेत आत बसलो. दुपारी पाटलाघरची भाकरी आली. ती खाताना मी रडले. चटणी तिखट होती, असं मी अजून सांगते.

त्याच शाळेत मी मास्तरीण झाले, तेव्हा मावशी बांगड्या घेऊन थेट वर्गात आली. म्हातारी झाली होती, पण आवाज तोच. “मास्तरीणबाई, दोनी हात द्या. आज कायबी मागायचं न्हाई.” वाडीची आणि गावची पोरं एकाच सतरंजीवर बसून तोंडं वासून बघत होती. मावशीने त्या पोरांकडे असं काही पाहिलं, जसं जिंकलेल्या पैलवानाने फडाकडे बघावं.

नंतर एक दिवस लोणावळ्याहून निरोप आला. मी घरी गेले आणि रडत आईला सांगितलं, “आई, मणेरीण मावशी गेली.”

आई चुलीपुढून उठली. तिने माझे बांगड्यांनी भरलेले दोन्ही हात हातात घेतले आणि माझ्यावर डोळे वटारले.

“गेली काय म्हंतीस गं? एवढी मास्तरीण झालीस तरी कळंना व्हय? वाढली म्हन!”